मदत हवी आहे: किनाऱ्यावरच्या खुनाच्या मालिकेचा पहिला भाग पाहिला, माझं काय सुटतंय?

मोगरा_नाशिक (शुक्रवार, रात्री ९:१२)
घाईत लिहितेय, परवा सकाळी भिशी आहे. आमच्याकडे दर महिन्याला एक मालिका ठरते, प्रत्येकीने निदान पहिला भाग बघून यायचं आणि त्यावर बोलायचं. यावेळी ती किनाऱ्यावर लहान मुलगा मेलेला सापडतो ती, डेव्हिड टेनंट या नटाची. काल पाहिला पहिला भाग. मुलगा सापडतो, आई रडते, साहेब हाताखालच्या बाईवर खेकसतो, झालं. ग्रुपवर बायका चार दिवस भरभरून लिहितायत, काय ते गाव, काय ती बोलण्याची ढब! मला यातलं काही जाणवलं नाही. मी या भिशीत नवीन आहे, नुसती मान डोलवत बसायचं नाहीये. सांगा कुणीतरी, लवकर.

रात्रपाळी (९:२०)
मालिकेचं नाव काय? कुठे पाहिलीत? सबटायटल लावली होती का?

कल्याण_लोकल (९:२६)
खुनाच्या मालिका बघायच्या तर दिल्ली क्राइम बघा. २०१९ची, पहिल्या पर्वाचे सातच भाग. शेफाली शाहचं काम बघून मी तीन रात्री झोपलो नाही. पहिल्या भागातच छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. इंटरनॅशनल एमी मिळालंय, उगीच नाही.

मोगरा_नाशिक (९:३१)
कल्याण_लोकल, मला दुसरी मालिका नकोय हो, भिशीत ही ठरलीय. नाव ब्रॉडचर्च. सबटायटलची गरजच पडली नाही, सगळं स्वच्छ कळतं.

साउथॅम्प्टनची_सई (९:४८)
अगं, ब्रॉडचर्च! आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर आहे ते गाव. खरं नाव वेस्ट बे, इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात. मालिकेत दिसतो तो पिवळा कडा तिथलाच. सगळा वालुकाश्म, ऊन पडलं की अक्षरशः सोन्याचा दिसतो. तो पूर्ण किनारा २००१पासून जागतिक वारशात आहे. आम्ही दोनदा गेलो. मात्र कड्याखाली चटई टाकून बसू नका कुणी. दरडी सुटतात, तसे फलकही लावलेत, तरी लोक खुशाल मुलांना घेऊन बसतात. बंदरावरच्या टपऱ्यांवर तळलेले मासे छान मिळतात. गाडी लावायला सकाळी लवकर पोचा.

मोगरा_नाशिक (९:५५)
सई, छानच, पण मला नाशिकहून परवा सकाळपर्यंत तिथे जायचं नाहीये. पहिल्या भागाचं सांगा ना.

आबा_वाचक (१०:०४)
मोगराताई, मी सांगतो. पहिल्या भागात खुनी शोधत बसू नका, आईकडे बघा. बेथ शाळेच्या खेळांच्या दिवशी मैदानावर येते आणि तिला कळतं की डॅनी शाळेत आलेलाच नाही. कुठेतरी असेल, असंच वाटतं तिला. मग वाटेत वाहतूक अडलेली. कुणीतरी म्हणतं, किनाऱ्यावर काहीतरी सापडलंय. ती गाडीतून उतरते, आधी चालते, मग धावायला लागते. का धावतेय हे तिने स्वतःलाही सांगितलेलं नसतं. आणि तिथे चादरीखालून बाहेर आलेले बूट दिसतात. चेहरा नाही, बूट! रोज दारात काढलेले बूट आई ओळखणारच. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना यात्रेत तासभर हरवला होता. तो तास मला या प्रसंगात परत दिसला. मी टीव्ही बंद करून गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

रात्रपाळी (१०:११)
आबा, प्रसंग चांगला आहे, मान्य. पण पहिल्या भागाचं काम आहे तपासात ओढून घेणं. अर्धा भाग रडण्यात गेला. पोस्टमॉर्टेमला काय निघालं, शेवटचं कुणी पाहिलं, हे सगळं घाईघाईत उरकलंय.

आबा_वाचक (१०:१६)
रडण्यात नाही हो. गावाची ओळख त्या रडण्यातूनच होते. गावातली पोलीस अधिकारी एली मिलर सुट्टीवरून सगळ्यांसाठी खाऊ घेऊन येते आणि तिला कळतं की तिची हक्काची बढती बाहेरून आलेल्या हार्डीला दिली. तासाभरात ती त्याच्याबरोबर किनाऱ्यावर उभी असते. मेलेला मुलगा तिच्या मुलाचा जिवलग मित्र. ती कोलमडते आणि हा म्हणतो, आधी काम करा. यात तपास नाही? तिला ज्यांची चौकशी करायची ते सगळे तिच्याच घरी जेवलेले लोक आहेत. सगळी गाठ इथेच आहे.

सुधा_मावशी (१०:२२)
पोरं मोबाईलवर काय करतात ते आईबापांनी रोज बघावं. मी माझ्या नातवाला रात्री नऊनंतर मोबाईल देत नाही.

रात्रपाळी (१०:२५)
मोगराताई, एक खटकतंय. सबटायटलची गरज पडली नाही म्हणता? टेनंट त्यात स्वतःच्या स्कॉटिश ढबीत बोलतो, वाक्यं गिळत. मी इंग्रजी माध्यमात शिकलो तरी दोनदा मागे नेऊन ऐकलं. तुमच्या फोल्डरमध्ये किती भाग आहेत? आणि साहेबाचं नाव काय?

मोगरा_नाशिक (१०:३३)
दहा भाग. साहेबाचं नाव कार्व्हर. बाई मिलरच आहे. दिरांनी पेनड्राइव्हवर दिलं, फोल्डरवर ‘टेनंट, किनारा’ एवढंच लिहिलंय. सुरुवातीची नावं मी पुढे ढकलली. हे महत्त्वाचं आहे का?

रात्रपाळी (१०:३६)
खूपच! तुम्ही ब्रॉडचर्च पाहिलेलंच नाही. तुम्ही पाहिलंत ते ग्रेसपॉइंट, त्याचीच २०१४ची अमेरिकन आवृत्ती, दहा भागांची. त्यात टेनंट एमेट कार्व्हर आहे, अमेरिकन उच्चार करतो. मूळ ब्रॉडचर्च २०१३चं, पहिल्या पर्वाचे आठ भाग, साहेब ॲलेक हार्डी आणि मिलर म्हणजे ऑलिव्हिया कोलमन. तुमच्याकडची मिलर ॲना गन आहे, ब्रेकिंग बॅड मालिकेतल्या नायकाची बायको झालेली.

साउथॅम्प्टनची_सई (१०:३९)
तरीच! तिचा समुद्रही वेगळाच आहे. ते चित्रण कॅनडात झालंय, ब्रिटिश कोलंबियात. तो कडा तिला दिसलेलाच नाही!

मोगरा_नाशिक (१०:४१)
अरे देवा. आणि मी ग्रुपवर लिहून बसले की ढब-बिब काही नाही. म्हणजे मला आवडलं नाही ते नकलेमुळे ना?

आबा_वाचक (१०:४५)
अर्थात. नक्कल ती नक्कल.

रात्रपाळी (१०:५२)
इथे मी आबांशी सहमत नाही. दोन्हीकडचा पहिला भाग क्रिस चिबनॉलनेच लिहिलाय आणि जेम्स स्ट्राँगनेच दिग्दर्शित केलाय. प्रसंगामागून प्रसंग जवळजवळ तेच. ताईंना पहिला भाग थंड वाटला असेल तर मूळही थंड वाटू शकतो, हे मोकळेपणाने मान्य करायला काय हरकत आहे?

आबा_वाचक (१०:५८)
तीच चीज दोन गवय्यांनी गायली तर एकच होते का? कोलमन किनाऱ्यावर येते तेव्हा पोलीस असणं आणि शेजारीण असणं तिच्या चेहऱ्यावर एकमेकांशी झगडत असतं. त्या कामाला २०१४चं बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं मानाचं पारितोषिक, मिळालं. आणि ओलाफुर आर्नाल्ड्सचं संगीत! मोठ्या आवाजात नाही, हेडफोन लावून ऐका.

कल्याण_लोकल (११:०३)
दिल्ली क्राइमला नकलेची भानगडच नाही.

रात्रपाळी (११:०५)
मोगराताई, वाद राहू द्या. उद्या मूळचा पहिला भाग बघा, साधारण पाऊण तासाचा आहे. इंग्रजी सबटायटल लावा. पुढचे भाग बघू नका, कुठे खुनी कोण ते वाचूही नका. ग्रेसपॉइंटही आता पुढे बघू नका.

मोगरा_नाशिक (शनिवार, रात्री ११:४७)
पाहिला. बहिणीकडे जाऊन, सबटायटल लावून. प्रसंग ओळखीचेच होते, त्यामुळे काय होणार ते माहीत होतं, तरी आई गाडीतून उतरली तेव्हा माझे हातपाय गार पडले. तिथे दोन दिवसांपूर्वी मी भाजी निवडत बघत होते, तेही खरं. रात्रपाळी म्हणतात त्यातही तथ्य आहे, मधली वीस मिनिटं मला आजही लांबल्यासारखी वाटली आणि हार्डीचं बोलणं अर्धं कळलं नाही. पण एलीचा पत्रकार भाचा मेलेल्या मुलाचं नाव ट्विट करून टाकतो तिथे मी जोरात ओरडले, बहीण दचकली. पोलिसांनी जाहीर करायच्या आधी जगाला कळतं! उद्या मी यावरच बोलणार आहे.

एक शंका राहिलीच. एलीचा मुलगा मोबाईल आणि कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकतो. ते का?

आबा_वाचक (११:५१)
कुणीही सांगू नका!

रात्रपाळी (११:५१)
सांगू नका. ताई, दुसरा भाग लावा.

सुधा_मावशी (रविवार, सकाळी ६:१०)
बघा, मी मोबाईलचं म्हटलंच होतं.

साउथॅम्प्टनची_सई (सकाळी ६:३५)
मोगरा, ग्रुपवर टाकायला त्या कड्याचे माझे फोटो देऊ का? संध्याकाळच्या उन्हातले आहेत.

मोगरा_नाशिक (सकाळी ७:०२)
हो, दे! दहाला भिशी आहे, त्याआधी पाठव.