माळ्यावरचे जुने सिमेंटचे पत्रे: ठेवावेत की काढावेत?

मागची_पडवी: चिपळूणजवळ जुनं घर आहे. माळ्यावर आणि मागच्या पडवीवर १९८३ साली घातलेले सिमेंटचे १८ पत्रे. दोन-तीन तडकलेत, कडा पिंजल्यासारख्या झाल्यात. माळ्याच्या फळ्यांवर राखाडी भुकटी साठते. माळ्यावर भांडी, ट्रंका, गोधड्या आहेत. सुतार म्हणतो ग्राइंडर आणतो, एका दिवसात मोकळं करून देतो. पावसाआधी उरकायचंय. काढावेत, वरून रंग मारावा की खालून छत करून घ्यावं? आणि हे अ‍ॅस्बेस्टॉसच आहे, म्हणजे ज्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातात ते खनिज यात आहे, हे कसं कळणार?

वासा_आणि_पाखी: आधी त्या ग्राइंडरला नाही म्हणा, बाकीचं सावकाश ठरवता येईल.

१९८३ चा नालीदार सिमेंट पत्रा आहे ना, मग अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. तपासणीवर पैसे घालवू नका. पत्र्यावर शिक्का वाचता आला तर बघा: आयएस (भारतीय मानक) ४५९ म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट. बिनअ‍ॅस्बेस्टॉस पत्र्यावर आयएस १४८७१ असतं, पण तो प्रकार बराच नंतरचा.

पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल असतो आणि तो सिमेंटात घट्ट बसलेला असतो. त्यामुळे धड पत्रा डोक्यावर असला तरी रोजचा धोका कमीच. धोका सुरू होतो तो कापताना, भोक पाडताना, तारेच्या ब्रशने घासताना, वरून टाकून फोडताना. ग्राइंडर तर पाच मिनिटांत अख्ख्या माळ्यात बारीक धूळ भरतो. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तासन्‌तास हवेत तरंगते. फुप्फुसाचे आजार २०-४० वर्षांनी उगवतात, म्हणून सुताराला आज काहीच जाणवणार नाही. तो विडी ओढत असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पट वाढतो, हेही त्याला सांगा.

तुमच्या पत्र्यांच्या कडा पिंजल्यात म्हणजे सिमेंट पावसाने झिजून तंतू उघडे पडलेत. माझं मत: काढा.

कोटिंगवाला: सरसकट काढायची घाई नको. १८ पैकी तीनच तडकलेत. चांगले पत्रे रंगवून आरामात टिकतात. शेवाळावर औषध फवारून ते मरू द्यायचं, ओल्या मऊ ब्रशने हलकेच काढायचं, मग प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात. खालच्या बाजूलाही एक हात मारला की भुकटी गळायची थांबते. प्रेशर वॉशर मात्र अजिबात नको. पन्हळीतून गाळासकट तंतू अंगणात येतात.

वासा_आणि_पाखी: ठणठणीत पत्र्याला हे मान्य. पण इथे खालून भुकटी गळतेय आणि ४० वर्षं उलटलीत. शिवाय रंगवायला वर चढावं लागणार, आणि जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. धुळीचा त्रास उद्याचा, पाय पत्र्यातून आरपार जाणं आजचं. रंगवलेल्या छपरावर तर बोल्टच्या रांगाही दिसत नाहीत, मग वासा कुठे आहे ते कळत नाही.

खालून छत मारायचं तर त्याचा सांगाडा वाशांना लटकवा, पत्र्याला भोक नको. पण त्यानेही झिजणारा पत्रा वर तसाच राहतो.

मागची_पडवी: पटलं. मग काढायची पद्धत नीट सांगाल का?

दोरी_फळी: सामान आधी. १००० गेजचं (२५० मायक्रॉन) प्लास्टिक, रुंद चिकटपट्टी, ५ लिटरचा हातपंपाचा फवारा, बोल्ट कटर, दोर, एकदाच वापरायचे अंगभर सूट. मास्क एफएफपी३ किंवा पी१०० फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) हाफ मास्क. कापडी आणि सर्जिकल मास्क इथे बिनकामाचे. दाढी असेल तर चांगला मास्कही कडेने हवा घेतो.

माणसं चार, दोन वर, दोन खाली. ३ मीटरचा पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो, एकट्याने उचलला की हातातून सुटून फुटणारच.

आदल्या दिवशी नटांवर गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी वारा पडलेला असताना सुरू करा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून पत्रे दोन्ही बाजूंनी फवारा. साबणाने पाणी आत मुरतं. धो-धो पाणी ओतू नका, वर निसरडं होतं. वर दोन-तीन वाशांवर टेकतील अशा लांब फळ्या टाका, पाय फक्त फळीवर. जमलं तर खालूनच, परांचीवरून काम करा.

जे-बोल्ट (वाशाला अडकवलेले आकड्यासारखे वाकडे बोल्ट) असतील तर नट बोल्ट कटरने तोडा. लाकडात आटे धरलेले स्क्रू पान्याने सुटत नसतील तर पत्रा आणि वासा यांच्या फटीत करवतीचं पातं घालून हाताने कापा. पहारीने उचकटू नका, नेमका तिथेच पत्रा फुटतो. सुरुवात आढ्यावरच्या टोपीपासून, मग वरची रांग, मग खालची, कारण वरचा पत्रा खालच्यावर चढलेला असतो. अख्खा पत्रा दोरावर उतरवा, प्लास्टिकवर रचा, दुहेरी गुंडाळून पट्टी मारा आणि वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ लिहा. तडकलेले पत्रे काढण्याआधी ओल्या तड्यावर चिकटपट्टी लावत बसू नका, चिकटत नाही. तडा भरपूर भिजवा आणि खालून फळीचा आधार द्या.

तळोजा_फेरी: टाकायचे कुठे, हे आधी ठरवा. धोकादायक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला आहेत. घरगुती माल घेतात का, गाडी कोणती चालते, हे फोन करून विचारा. भंगारवाल्याला देऊ नका. तो गोठ्यावर घालायला विकतो किंवा रस्त्याच्या भरावात जातात.

हडसनकाठ: जरा विषयांतर. न्यू जर्सीतल्या १९५० च्या दशकातल्या घराच्या अ‍ॅटिकमध्ये करड्या-सोनेरी हलक्या खड्यांचा थर आहे. तोही हाच प्रकार का?

वासा_आणि_पाखी: तो व्हर्मिक्युलाइट, उष्णता अडवायला माळ्यावर पसरतात ते फुगवलेलं खनिज. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकलेल्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक माल मोंटानातल्या लिबीच्या खाणीचा, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉसची भेसळ निसर्गतःच होती. दूषित आहे असंच धरा. वर खोकी ठेवू नका, झाडू नका, छतातल्या दिव्यांभोवतीच्या फटी खालून सीलंटने बंद करा, ब्लोअर डोअर टेस्ट (दारात मोठा पंखा लावून घरातली हवागळती मोजणं) करू देऊ नका. काढून घेणार असाल तर आधी फोटो आणि नमुना जपून ठेवा. माल झोनोलाइट या ब्रँडचा निघाला तर त्यासाठीचा ट्रस्ट मर्यादेपर्यंत काही खर्च परत देतो.

मागची_पडवी: शेवटचं: गोधड्या आणि फळ्यांवरची भुकटी?

दोरी_फळी: पत्रे काढण्याआधी सामान खाली आणा. भांडी-ट्रंका ओल्या फडक्याने पुसून. गोधड्या झटकू नका, धुऊही नका. भुकटी बसली असेल तर पत्र्यांबरोबरच गुंडाळा. खालच्या खोलीत जमीन आणि सामान प्लास्टिकने झाका, कारण फळ्यांच्या फटींतून भुकटी खाली गळते. झाडू आणि घरचा व्हॅक्यूम बंद. पत्रे गेल्यावर फळ्या फवारून ओल्या फडक्याने पुसा, दर वेळी फडक्याची नवी घडी. फटीत अडकलेलं उकरू नका, लाकूड वाळलं की प्रायमरचा हात मारून तिथेच बंद करा. फडकी आणि सूटही पत्र्यांसारखेच दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळा.