लोणारचं ब्रह्मास्त्र आणि धुऱ्यावरचे गोटे

कास्तकार_काटोल:
आमच्या गावच्या ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरला. लोणारचं सरोवर महाभारतातल्या ब्रह्मास्त्रानं झालं, तेव्हा आपल्याकडे अणुबॉम्ब होता, ती प्रगत संस्कृती लयाला गेली आणि इतिहासकारांनी हे सगळं दडवून ठेवलं, असं त्यात आहे. खाली नुसते जोडलेले हात. मला याचा राग येतो.

लोणारचा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. अमेरिकेनं 1962 साली नेवाडात 104 किलोटनांचा अणुबॉम्ब जमिनीत पुरून फोडला, तरी खड्डा 400 मीटरही रुंद झाला नाही. लोणारच्या तळात बोअर मारून काढलेल्या खडकात मास्केलिनाइट मिळालं, म्हणजे उल्का आदळल्यावर येतो तशा प्रचंड दाबानं बनलेली काच. ते 1973 साली छापूनही आलं. 2011 साली आलेल्या मोजणीत त्या खड्ड्याचं वय 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. तेव्हा आपल्यासारखा माणूसच जन्माला आला नव्हता, तर अस्त्र सोडलं कोणी?

आणि दडलेला इतिहासच पाहिजे असेल तर तो आपल्या वावरात आहे. नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीला दगडांची तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, सगळीकडे तीच. सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसं तिथं पुरली. माहुरझरीला त्यांच्यासोबत घोडेही निघाले, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेले. नायकुंडला लोखंड काढायची भट्टी सापडली, भात्याच्या मातीच्या नळीसकट. त्यांचं नाव, त्यांची भाषा, काहीच उरलं नाही. हरवलेली संस्कृती म्हणतात ती हीच ना?

सत्यशोध_बुलढाणा:
भाऊ, तुमचा रोख पटला नाही. जाणकारांनीच कित्येक वर्षं लोणारला ज्वालामुखीचं तोंड ठरवलं होतं. उल्केची शंका काढणाऱ्याचं किती दिवस कोणी ऐकलं नाही. तुर्कस्तानातलं गोबेकली टेपे घ्या. 1963 च्या पाहणीत तिथले दगड मध्ययुगातल्या कबरींचे म्हणून सोडून दिले. 1995 पासून जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी खोदलं तेव्हा अकरा हजार वर्षांपूर्वीचे, साडेपाच मीटरपर्यंत उंच कोरीव खांब निघाले. तोवर पुस्तकांत काय होतं? आधी शेती, मग गाव, मग देऊळ. तो सगळा क्रम हलला. म्हणून कोणी म्हटलं की याहून जुनं काही दबलेलं असेल, तर त्याला वेड्यात काढू नका. हिमयुग सरलं तेव्हा समुद्र शंभर मीटरांहून जास्त चढला, किनाऱ्यावरची वस्ती पाण्याखाली गेली असणारच. ब्रह्मास्त्राचं मी धरून बसत नाही. पण प्रश्न विचारायलाच बंदी असल्यासारखं तुम्ही बोलता.

कास्तकार_काटोल:
बंदी नाही, विचाराच. पण गोबेकली टेपेचा क्रम बदलला तो खोदल्यामुळे. तिथं गारगोटीची हत्यारं निघाली, जनावरांची ढिगानं हाडं निघाली, आणि त्यावरून कळलं की हे शिकार करून जगणाऱ्यांचं काम आहे. लोणारही ज्वालामुखीचं उल्केचं झालं ते बोअर मारल्यावर. व्हिडिओवाला कुठं कुदळ मारून आला?

आणखी एक. वर्तुळांचे हे गोटे माणसाच्यानं हलणं शक्य नाही, असंही त्या व्हिडिओत ठासून सांगितलंय. गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या कामात कमरेइतका काळा गोटा निघाला. सहा माणसं, दोन सब्बला, खाली बाभळीचे ओंडके आणि पुढं बैलजोडी. दुपारपर्यंत तो धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला, लागला. हात सोलले, पण लागला. ज्यांनी ती वर्तुळं मांडली त्यांची मेहनत कोण्या परग्रहावरच्याच्या नावावर चढवायची म्हणजे आपल्याच पूर्वजांचा अपमान आहे.

गुरुजी_मेहकर:
लोणारची कथा मी लहानपणी आजीकडून ऐकली. तिच्यात ब्रह्मास्त्र नव्हतंच. लवणासुर जमिनीखाली राहायचा, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्या घराचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्याच विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात उभं आहे. हे ब्रह्मास्त्र अलीकडे कुठून तरी आलं आणि आमच्या शाळेतली मुलं आता तेच सांगतात. लवणासुर विचारला तर गप्प. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

वऱ्हाडी_गडी:
मी शाळा जास्त शिकलो नाई, पन एक सांगतो. तुमी म्हनता इतिहास वावरात हाय. मंग आमाले कोनी सांगतलं काय? आमच्या वावरात गोट्याइचा गोल होता. बापानं ट्रॅक्टरनं अर्धे गोटे काढून धुऱ्यावर टाकले. खालून काळं-तांबडं खापर निघालं, एक लाल मनी निघाला. बाप म्हने, कोनाले सांगू नको, सरकार वावर घेईन. व्हिडिओवाला निदान आमच्याशी बोलते तरी. शिकलेले लोक कधी आमच्या बांधावर आले?

कास्तकार_काटोल:
दादा, हे बोलणं लागलं, आणि खरं आहे. आमच्याही गावात खोदकामाचा अहवाल कोणी मराठीत समजावून सांगितला नाही. खापर मातीची आणि मणी बैलाचा म्हणून टाकून दिले जातात. पण तुमचं ते काळं-तांबडं खापर म्हणजे याच लोकांची ओळख. टाकळघाट-खाप्याला, नायकुंडला तसंच निघालं. तो लाल मणी अकीकाचा, म्हणजे एका रंगीत दगडाचा, असू शकतो, माहुरझरीला असे मणी घडवायचे. जपून ठेवा, कुठं कसा निघाला ते आजच लिहून ठेवा. आणि उरलेले गोटे पाण्यानं धुऊन पाहा. जुनापाणीच्या काही गोट्यांवर बोटानं दाबल्यासारख्या गोल खळग्या ओळीनं कोरल्यात. त्या कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. गूढच पाहिजे तर हे घ्या.

सत्यशोध_बुलढाणा:
गोट्यांचं मान्य. पण समुद्राखालच्या वस्त्यांबद्दल माझं मत बदललं नाही, आणि ते शोधायचं तर पैसा लावून पाणबुडे उतरवावे लागतील, घरबसल्या नाकारून चालणार नाही.

वऱ्हाडी_गडी:
सकाळी धुतले. दोन गोट्याइवर खळग्या हायत, एकावर सात, एकावर मोजता येत नाई, घासून गेल्या. चार गोटे अजून आपल्या जागी उभे हाय. बापाले म्हटलं, यंदा नांगर त्याइच्या बाहेरून फिरवू. तो काई बोलला नाई, पन सब्बल उचलून घरात नेऊन ठेवली.