जुने संगणक, एकच प्रिंटर: तुमच्याकडे प्रिंट कशी निघाली? (अनुभव धागा)

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. आमच्याकडे चार संगणक आणि एक लेझर प्रिंटर. दोन संगणक विंडोज ७ चे, एक विंडोज १० चा आणि एक जुन्या विंडोज एक्सपीचा, कारण ठेवपावत्यांचा जुना प्रोग्रॅम फक्त त्याच्यावरच चालतो. प्रिंटर यूएसबीने विंडोज ७ च्या एका मशीनला जोडलेला, बाकीचे शेअरिंगवरून प्रिंट देतात.

ऐन मार्चअखेर बाकी तिन्ही मशीनवरून प्रिंट बंद झाली. तीन दिवस मी केबल, ड्रायव्हर, टोनर, सगळं तपासत बसलो आणि समोर ठेवीदार ताटकळत उभे. खरं कारण निघालं राउटर. जुना जळाला म्हणून नवा बसवला होता. नवा राउटर दिसला की विंडोज ७ विचारतं, हे नेटवर्क घरचं, ऑफिसचं की सार्वजनिक? कुणीतरी घाईत ‘पब्लिक’वर क्लिक केलं होतं. त्याबरोबर फायरवॉलने शेअरिंग बंद केलं. ‘वर्क’ निवडलं आणि अडकलेल्या सगळ्या प्रिंट धडाधड बाहेर आल्या.

दुरुस्ती दोन मिनिटांची, शोध तीन दिवसांचा. म्हणून विनंती अशी, की काय बिघडलं एवढंच नको, कारण कसं सापडलं तेही लिहा. दुसऱ्या कुणाचे तीन दिवस वाचतील.

कोल्हापूर, सीएंचं ऑफिस

आमचं दुखणं सप्टेंबर २०२१ मधलं. सकाळी आलो तर दोन जुन्या मशीनवर प्रिंटर जोडताना एकच एरर: ०एक्स०००००११बी. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं, त्यामुळे रात्रीत काय बदललं ते आधी पाहिलं. प्रिंटर ज्याला जोडलाय त्या विंडोज १० वर अपडेट बसलं होतं, जुनी मशीन कित्येक महिने अपडेट न केलेली.

त्या वर्षी जुलैमध्ये प्रिंट स्पूलरमधली (प्रिंट रांगेत लावून छापून घेणारा विंडोजचा भाग) ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी त्रुटी उघड झाली होती. तेव्हापासून छपाईच्या बाबतीत एकेक दार बंद होत गेलं. सप्टेंबरच्या अपडेटनंतर प्रिंटरवालं मशीन समोरच्याकडून जास्त कडक ओळख मागायला लागलं आणि जुन्यांना ती देता येईना. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, ‘प्रिंट’च्या खाली ‘आरपीसी ऑथ-एन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड’ ही किंमत शून्य करून स्पूलर पुन्हा चालू केला की प्रिंट निघते. आम्हीही तेच केलं. पण मला ते टोचत राहिलं. लोकांचे पॅन आणि बँक खाती असलेल्या ऑफिसात कुलूप काढून ठेवायचं म्हणजे काय! महिनाभरात साहेबांना पटवून लॅन केबलची सोय असलेला प्रिंटर घेतला. आता प्रत्येक मशीन थेट प्रिंटरच्या आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावर, छापतं, शेअरिंगची भानगडच नाही. ती किंमतही परत होती तशी केली.

लातूर, मोंढ्यात अडत दुकान

आमचा हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम फॉक्सप्रोमधला, डॉसचा. शेतकऱ्याला पट्टी कार्बनच्या तीन प्रतींत लागते, म्हणून डॉट मॅट्रिक्स हवाच. तो दादांच्या टेबलावरच्या मशीनला. मी बसतो काट्याजवळ. डॉसच्या प्रोग्रॅमला नेटवर्क प्रिंटर कळत नाही, त्याला फक्त एलपीटी१ हा जुना प्रिंटर पोर्ट कळतो. तेव्हा कमांडच्या काळ्या खिडकीत ‘नेट यूज एलपीटी१’, त्यापुढे दादांच्या मशीनचं आणि प्रिंटरचं शेअर नाव, शेवटी ‘पर्सिस्टंट येस’, असं द्यायचं. शेअर नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता ठेवा. आमचं नुसतं ‘डीएमपी’ आहे.

एवढं करूनही पट्टी निघेना. प्रोग्रॅम बंद केला की मात्र दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या एकदम निघायच्या! शेतकरी कधीच गावाकडे गेलेला. ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला ते काका आता थकलेत, पण फोनवर त्यांनी एका वाक्यात सांगितलं: छपाई संपल्यावर प्रोग्रॅमने पोर्ट सोडलाच नाही, तर विंडोजला वाटतं मजकूर अजून यायचाय. प्रत्येक पट्टीनंतर ‘सेट प्रिंटर टू’ ही रिकामी ओळ घातली. आता वजन होतं न होतं तोच पट्टी हातात. नवीन मशीन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ६४ बिटच्या विंडोजवर असले डॉसचे प्रोग्रॅम मुळात उघडतच नाहीत. आम्ही म्हणूनच ३२ बिटवर आहोत.

फोंडा, वकिलांचं ऑफिस

आमच्याकडे मशीन दिसायचं, प्रिंटर दिसायचा, पण क्लिक केलं की पासवर्ड विचारायचं. आणि सरांच्या मशीनला पासवर्ड नव्हताच! रिकामा ठेवून एंटर मारलं तरी नकार. नंतर कळलं, पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, त्या मशीनसमोर बसूनच ते चालतं. सरांच्या मशीनवर फक्त छपाईसाठी वेगळं खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला आणि तो माझ्या मशीनवर साठवला.

मग लीगल कागदाचा त्रास. मी प्रत्येक वेळी लीगल निवडायचे, दुसऱ्या मुलीच्या मशीनवर ए४ च यायचं आणि खालच्या ओळी कापल्या जायच्या. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मधला बदल ज्याचा त्याच्यापुरता असतो. सगळ्यांसाठी हवा असेल तर प्रिंटरवाल्या मशीनवर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘ॲडव्हान्स्ड’खालच्या ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये करायचा. एवढी साधी गोष्ट, पण त्यापायी किती कागद वाया गेला!

रत्नागिरी जिल्हा, शाळेचं कार्यालय

दाखले छापताना ‘ऑफलाइन’. लाइट गेली की राउटर नवे आयपी वाटायचा आणि आम्ही प्रिंटर आयपीने जोडलेला. मशीनच्या नावाने जोडला, थांबलं.

नाशिक, हार्डवेअर दुरुस्ती

वीस वर्षं हेच काम करतोय, तर माझा क्रम सांगतो. आधी ज्याला प्रिंटर लावलाय ते मशीन झोपलंय का बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात, स्लीप बंद करा. मग दुसऱ्या मशीनवरून पिंग, म्हणजे ते मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड. मग रनमध्ये दोन उलट्या रेघा आणि मशीनचं नाव. इथपर्यंत उघडलं तर नेटवर्क ठीक आहे, आता प्रिंटरकडे वळा. कुठल्या पायरीवर अडलं ते कळलं की निम्मं काम झालं. एखादी प्रिंट अडकून पुढच्या सगळ्या थांबल्या असतील, तर स्पूलर बंद करून सिस्टीम३२ मधल्या ‘स्पूल’च्या ‘प्रिंटर्स’ फोल्डरमधल्या फायली काढा आणि स्पूलर परत चालू करा.

एक्सपीवाल्यांना मात्र कळकळीने सांगतो. एक्सपीला फक्त एसएमबी१ ही जुनी भाषा येते. ऑक्टोबर २०१७ नंतरच्या विंडोज १० मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते, म्हणून दोघांचं बोलणं होत नाही. ‘एसएमबी१ चालू करा’ हा सल्ला जिथेतिथे मिळतो. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो ह्याच वाटेने. पैशांचे व्यवहार असलेल्या ठिकाणी मी ते चालू करत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

नांदेड, सार्वजनिक वाचनालय

एक्सपीसाठी आमची वाट वेगळी. रद्दीत जाणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकलं, त्यावर कप्स (लिनक्सवरचा छपाईचा प्रोग्रॅम) चालवलं आणि प्रिंटर त्याला जोडला. एक्सपीला ‘इंटरनेट प्रिंटर’ जोडता येतो. त्यात लिनक्सचा आयपी, पोर्ट ६३१ आणि प्रिंटरचं नाव एवढं दिलं की झालं. एसएमबीचा संबंधच नाही. एक अडचण आली: आमचा छोटा लेझर प्रिंटर स्वतःची फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवून ठेवत नाही, बंद करून चालू केला की ती पुन्हा पाठवावी लागते. ते लिनक्सवर आपोआप होईल असं बसवायला मला दोन रविवार लागले. कुणाला करायचं असेल तर विचारा, पायरीपायरीने सांगेन.

पतसंस्था, पुन्हा मी

नाशिकचे दादा, तुमचं वाचून त्याच दिवशी आमच्या एक्सपीच्या आयपी सेटिंगमधून गेटवे आणि डीएनएस (इंटरनेटकडे जायच्या नोंदी) काढून टाकला. आता ते मशीन इंटरनेटवर जात नाही, आणि विंडोज ७ वरच्या प्रिंटरला मात्र प्रिंट देतं. काल त्याच्यावरून चाळीस ठेवपावत्या निघाल्या. नांदेडकर, माडीवर एक जुनं मशीन पडून आहे. रविवारी ते खाली आणतो, मग पहिली पायरी सांगा.