शब्दचर्चा : चाचपडणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी ‘धीर’, ‘संयम’ की ‘सबुरी’?

रविवारवेडी
एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगवर मराठीत लिहायला बसलं की एक शब्द हमखास अडतो. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) पहिल्या फेरीत निवडलेला बावीस वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, चाचपडतोय. निम्मे चाहते म्हणतात बदला, निम्मे म्हणतात थांबा. या ‘थांबा’ला काय म्हणायचं? संयम, धीर, सबुरी, दम धरणे, कळ काढणे असे पाच-सहा शब्द समोर येतात आणि प्रत्येकाची छटा वेगळी वाटते. शिवाय ‘बेंच करणे’, ‘बस्ट’ (अपेक्षाभंग करणारा खेळाडू) आणि क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डमुळे गाजलेलं ‘घोस्ट दिसणे’ यांनाही शब्द हवेत. क्वार्टरबॅक, सॅक (चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडणं), पॉकेट (त्याच्याभोवतीचं संरक्षक कडं) मी तसेच ठेवते, त्यांचं मराठीकरण कृपया सुचवू नका.

मोरावळा
संयम आधी बाद करा. क्रिकेटच्या मराठीने तो केव्हाच खेळाडूच्या नावावर करून दिलाय. ‘संयमी खेळी’ म्हटलं की बाहेरचे चेंडू सोडणारा फलंदाज दिसतो, प्रेक्षक दिसत नाहीत. त्यामुळे ‘तरुण क्वार्टरबॅक आणि संयम’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की पोरगा पॉकेटमध्ये घट्ट उभा राहून पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) झाकलेला दिसला तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे नजर नेतोय. तो अर्थही या खेळात रोज लागतो, म्हणून संयम तिकडेच राखून ठेवावा.

सबुरी मूळ अरबी ‘सब्र’वरून आलेली, पण मराठीत तिला शिर्डी चिकटली आहे. श्रद्धा आधी, सबुरी नंतर. तपासायचं काहीच नाही. बफेलो बिल्सच्या चाहत्यांनी १९९९ नंतर प्लेऑफ पाहायला थेट २०१७ गाठलं, त्याला सबुरी खुशाल म्हणा. एका खेळाडूबद्दल मात्र चाहता दर रविवारी काहीतरी तपासत असतोच.

गोफणगुंडा
माझं मत धीराला. कारण त्याला वेगवेगळी क्रियापदं लागतात आणि या वादातली सगळी माणसं त्यात मावतात. चाहते धीर धरतात, संघ धीर देतो, पोराचा धीर खचतो, मालकाचा सुटतो. वाद बहुतेक वेळा ‘धरा’वर अडकतो आणि ‘दिला का?’ हे कोणी विचारत नाही.

बिल्सच्या जॉश अॅलनचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. २०१८ ला सातव्या क्रमांकावर निवड, पहिल्या हंगामात ५२.८ टक्के पास पूर्ण, १० टचडाउन (गुण मिळवून देणारे पास), १२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास). २०१९ ला ५८.८ टक्के. २०२० ला ६९.२ टक्के आणि ३७ टचडाउन. लोक म्हणतात, बघा, थांबलं की होतं! नुसतं थांबून झालेलं नाही. २०१९ मध्ये बिल्सनी सेंटर (फळीच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा) मिच मोर्स आणला, रिसीव्हर जॉन ब्राउन आणि कोल बीझली आणले. २०२० मध्ये पहिल्या फेरीची निवड मोजून स्टेफॉन डिग्ज आणला आणि त्याने त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक १२७ झेल घेतले. ब्रायन डेबॉल पहिल्या दिवसापासून २०२१ पर्यंत हाच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव आखणारा प्रशिक्षक) होता. याला म्हणतात धीर देणं.

उलटं बघायचं तर सॅन फ्रान्सिस्कोचा अॅलेक्स स्मिथ. २००५ चा पहिला क्रमांक, पहिल्या वर्षी १ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. २००५ ते २००८ दर वर्षी नवा कोऑर्डिनेटर : मॅकार्थी, टर्नर, हॉस्टलर, मार्ट्झ. कोऑर्डिनेटर बदलला की डावांची नावं बदलतात, पासचं टायमिंग बदलतं, कुठला रिसीव्हर आधी बघायचा तो क्रम बदलतो. पोरगा दर उन्हाळ्यात पुन्हा पहिलीत. २०११ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून हार्बॉ आले आणि त्याच स्मिथने १३-३ असा हंगाम काढला.

नागमोडी
धीर शब्द चांगला आहे, पण त्याला तारीख नसते. कराराला असते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, त्यावर पाचव्या वर्षाचा पर्याय. तो घ्यायचा की नाही हे तिसरा हंगाम संपल्यावर मेच्या सुरुवातीला ठरवावं लागतं, आणि लीग आणि खेळाडू संघटनेतल्या २०२० च्या कामगार करारापासून तो घेतला की त्या वर्षाचे पैसे पूर्ण हमीचे होतात. म्हणजे जनरल मॅनेजरच्या हातात तीन हंगाम. त्यातला पहिला सवलतीत गेला, तर खरा निकाल दोनांवर. अॅलनला तिसऱ्या हंगामानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, सहा वर्षांचा २५८ दशलक्ष डॉलरचा नवा करार मिळाला. त्याची सुधारणा एक वर्ष उशिरा आली असती तर हाच संघ काय करता, याचा विचार करा.

म्हणून संघाच्या बाजूने ‘मुदत’ म्हणा. ‘संघाने मुदत दिली’, ‘मुदत संपली’. धीर चाहत्याला राहू दे.

रविवारवेडी
मुदत आवडला. पण चाहत्यांनीही धीर कशाच्या जोरावर धरायचा? ‘दिग्गज पेटन मॅनिंगनेही पहिल्या वर्षी २८ इंटरसेप्शन दिले होते’ हे वाक्य प्रत्येक वादात येतं.

गोफणगुंडा
येतं, आणि तिथेच थांबतं. १९९८ च्या त्या हंगामात मॅनिंगचे २६ टचडाउनही होते. तो चुकत होता ते चेंडू वेळेवर सोडून चुकत होता. ते दुखणं वेगळं आणि चेंडू धरून बसणं वेगळं.

बघायचं ते पायांकडे. सेंटरच्या मागून स्नॅप (डाव सुरू करताना मागे दिलेला चेंडू) घेतला तर छोट्या पासला तीन पावलं मागे, मध्यम पासला पाच, लांबच्या पासला सात. शॉटगन रचनेत तो आधीच पाच यार्ड मागे उभा असतो, म्हणून पावलं कमी होतात. शेवटचं मागचं पाऊल टेकलं की पहिल्या रिसीव्हरचा पास निघालाच पाहिजे; पुढची प्रत्येक छोटी उडी म्हणजे पुढचा रिसीव्हर. हे साधारण अडीच सेकंदांत बसवायचं असतं. पाऊल टेकलं आणि चेंडू हातातच राहिला, पुन्हा टेकलं, तरीही हातातच, तर त्याला मैदान वाचता येत नाहीये. दुसरी खूण डोळ्यांची. नजर लांबच्या बचावपटूंवरून उतरून अंगावर येणाऱ्या माणसांवर आली की रिसीव्हर मोकळा असूनही दिसत नाही.

पास पूर्ण होण्याच्या टक्केवारीवर एकट्याने विसंबू नका. स्क्रीन (फळीच्या मागेच दिलेले आखूड पास) आणि चार-पाच यार्डांचे पास वाढवले की ती आपोआप वर जाते. सॅकही क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीच्या एकटीच्या माथी मारू नका. समोरून पाचच जण आलेत, फळीतले पाच त्यांना तीन सेकंद थोपवताहेत आणि तरी सॅक झाला, तर तो क्वार्टरबॅकचा.

मोरावळा
मग मूळ प्रश्नाचं उत्तर असं की ‘धीर धरवत नाही’ आणि ‘धीर धरत नाही’ यात फरक ठेवावा. पहिल्यात चाहत्याची अगतिकता आहे, दुसऱ्यात दोष. वाक्यात एक ‘व’ आला की माणूस सुटतो.

आता घोस्ट. ऑक्टोबर २०१९, डार्नल्डच्या जेट्सचा पेट्रियट्सकडून ३३-० असा पराभव. डार्नल्डचे ३२ पैकी ११ पास पूर्ण, ८६ यार्ड, ४ इंटरसेप्शन. अंगावरच्या मायक्रोफोनमुळे ‘मला भुतं दिसताहेत’ या अर्थाचं त्याचं बोलणं घराघरांत पोचलं. मराठीत लगेच ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ सुचतं, पण ती म्हण अन्यायाची आहे. त्या रात्री पेट्रियट्स खरोखरच ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची चाल) पाठवत होते, कधी मागे एकही सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) न ठेवता, कधी तसं नुसतं दाखवून ऐनवेळी माघार घेत होते. भीती आतून आली नव्हती, बाहेरून पेरली होती.

‘चकवा लागणे’ घ्या. रानात वाट चुकवणारं, माणसाला तिथल्या तिथे फिरवणारं भूत म्हणजे चकवा. आणि ‘चकवणे’ खेळाच्या पानावर रोजचंच. बचावफळी चकवते, क्वार्टरबॅकला चकवा लागतो.

रविवारवेडी
वा! चकवा पक्का. त्याच डार्नल्डने २०२४ मध्ये व्हायकिंग्जकडून १४ विजय आणि ३५ टचडाउन मिळवले, म्हणजे चकवा सुटतोही. बस्टचं काय? ‘फुसका बार’?

नागमोडी
फुसक्या बारात दोष दारूचाच, तो कुणी ओलीत ठेवला हा प्रश्न उरत नाही. त्यापेक्षा ‘वाया गेला’ आणि ‘वाया घालवला’ अशी जोडी वापरा. जमार्कस रसेल २००७ चा पहिला क्रमांक. करार सप्टेंबरपर्यंत लांबला, अख्खं सराव शिबिर बुडालं, २०१० मध्ये रेडर्सनी सोडलं. तो वाया गेला असं लोक म्हणतात. डेव्हिड कारला २००२ मध्ये नव्याकोऱ्या टेक्सन्सकडून खेळताना एका हंगामात ७६ सॅक बसले, तो विक्रम आहे. त्याला वाया घालवला. ट्रेव्हर लॉरेन्सला पहिल्या वर्षी १२ टचडाउन, १७ इंटरसेप्शनवर लोकांनी घाईने ‘गेला’त घातलं होतं, प्रशिक्षक मायर यांना हंगाम संपायच्या आत काढलं, पीडरसन आले आणि पुढच्या वर्षी २५ आणि ८.

गोफणगुंडा
आणखी एक जुना शब्द : उमेदवारी. निवडणुकीची नव्हे, जाणत्याच्या हाताखाली शिकण्याची. पॅकर्समध्ये रॉजर्सने फार्व्हच्या मागे तीन वर्षं केली, जॉर्डन लव्हने रॉजर्सच्या मागे तीन, चीफ्समध्ये महोम्सने त्याच अॅलेक्स स्मिथच्या मागे एक. पण सगळ्यांना ती का देत नाहीत, असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. पहिला क्रमांक सहसा सर्वांत वाईट संघाकडे जातो, आणि तिथे ज्याच्या हाताखाली शिकावं असा माणूस असता तर संघ तळाला गेला नसता. पॅकर्सना लव्ह मिळाला २६ व्या क्रमांकावर.

मोरावळा
बेंच करण्याला वर्तमानपत्री ‘डच्चू’ नको. डच्चू म्हणजे संघातूनच हकालपट्टी. इथे खेळाडू हेल्मेट घेऊन कडेला उभाच असतो. ‘बाहेर बसवणे’ बरं.

रविवारवेडी
मग हे वाक्य बघा : ‘२०२३ मध्ये ६२ सॅक सोसलेल्या ब्राइस यंगबाबत पँथर्सचा धीर पुढच्या हंगामात दोन सामन्यांत सुटला, तो पाच सामने बाहेर बसला आणि त्याच्या जागी आलेल्या डाल्टनच्या अंगठ्याला दुखापत झाल्यावर परतला, तेव्हा जास्त मोकळा खेळला.’

नागमोडी
‘बसला’ नको, ‘बसवला गेला’. फरक का ठेवायचा ते कोल्ट्सच्या रिचर्डसनवरून कळतं. २०२४ मध्ये टेक्सन्सविरुद्ध दमलो म्हणून तो एका डावापुरता स्वतःहून बाहेर आला, तिथे ‘बसला’ चालेल. पुढच्या सामन्यात कोल्ट्सनी त्याच्या जागी फ्लॅकोला उतरवलं, तिथे ‘बसवला’. आणि ‘धीर सुटला’ही तपासा. प्रशिक्षक कनालेस तेव्हा नवे होते, यंगला त्यांनी निवडलेलं नव्हतं. जो धीर त्यांनी धरलाच नव्हता तो त्यांचा सुटेल कसा?