शुगरवाल्यांनी फिश ऑइलच्या गोळ्या घ्याव्यात का?

खानापूरकर: बाबांना शुगर आहे, हार्टचा त्रास नाही. भावोजींनी टिळकवाडीतून डबी आणून दिलीय, "हार्टला लई चांगलं" म्हणून. बाबांना दिवसभर मासळीचे ढेकर येतात. चालू ठेवू का?

निपाणीचा फार्मासिस्ट: आधी डबीच्या मागं बघा की. पुढं १००० मिग्रॅ लिहितात ते नुसतं तेल. मागं बहुतेक ईपीए १८०, डीएचए १२० असेल, ही माशाच्या तेलातली ओमेगा-३ चरबी, कामाचं तेवढंच. बाबांसारख्याच माणसांवर ब्रिटनमध्ये 'असेंड' चाचणी झाली: शुगर आहे, हार्टचा आजार नाही, असे १५,४८० जण. २०१८ चा निकाल असा, की रोज १ ग्रॅम कॅप्सूल घेणाऱ्यांत ८.९ टक्क्यांना हार्ट अटॅक, लकवा असलं काही गंभीर झालं, तुलनेसाठी ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल दिलेल्यांत ९.२. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

शहापूरची सून: पण आमच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना लिहून दिलंय की!

निपाणीचा फार्मासिस्ट: ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, फार वाढलं असेल तर देतात, ते रोज २ ते ४ ग्रॅम. ते उतरतं, हे खरं. मात्र जास्त डोसनं काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, म्हणून मनानं वाढवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच.

खानापूरकर: आणि जवसाची चटणी?

निपाणीचा फार्मासिस्ट: खा की, भाकरीला झकास. त्यातलं ओमेगा-३ वेगळं, शरीरात त्याचं ईपीए थोडंच होतं. बाबा मासे खात असतील तर कारवारचा बांगडा आणा. तळू नका तेवढा.