'डॅमसेल इन डिस्ट्रेस'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : साठच्या दशकातल्या युरोपीय हेरपटांवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. 'संकटग्रस्त सुंदरी' चालेल, की सरळ 'अबला'?

शब्दपारखी : 'ग्रस्त' नको. ग्रस् म्हणजे गिळणं. पूरग्रस्त, धरणग्रस्त या ओळीत ती सुंदरी बसवली की वाचकाला पंचनामा आठवतो. 'संकटात सापडलेली' म्हणा. सापडलेली सुटू शकते, आणि हेरपटाची सगळी मजा त्या सुटण्यातच असते.

जुनी रिळं : 'अबला' तर मुळीच नको. 1963चा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' घ्या. दानिएला बियांकीची तातियाना इस्तंबूलच्या सोव्हिएत वकिलातीत कामाला. सोव्हिएत हेरखात्यातली अधिकारी रोझा क्लेब तिला ब्रिटिश हेर जेम्स बाँडला जाळ्यात ओढायला सांगते. हुकूम मॉस्कोचा आहे असं तिला वाटतं, पण क्लेब तोवर 'स्पेक्टर' या गुन्हेगारी टोळीला जाऊन मिळालेली असते. म्हणजे बाँडच्या बाजूनं पाहिलं तर तातियाना 'आमिष', क्लेबच्या बाजूनं 'प्यादं'. शेवटी व्हेनिसच्या हॉटेलात क्लेब बुटातलं विषारी पातं काढून लाथा झाडते, बाँड तिला खुर्चीनं भिंतीशी दाबून धरतो आणि गोळी घालते ती तातियाना. अबला कसली!

शब्दपारखी : मूळ शब्दातही दुर्बलता नाहीच. 'डॅमसेल' म्हणजे फ्रेंच 'दम्वाझेल', आणि तो लॅटिन 'डोमिना'वरून, म्हणजे मालकीणबाईवरून आला. त्याचं लघुरूप, म्हणजे छोटी मालकीणबाई.

प्रश्न : भरताच्या नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिकांपैकी 'विप्रलब्धा' कशी वाटते? फसवलेली म्हणून?

शब्दपारखी : ती भेटीच्या ठरलेल्या जागी येऊनही प्रियकर न आल्यानं फसलेली. भरताच्या आठही नायिका नायकाशी असलेल्या नात्यावरून ठरतात, खलनायकाच्या तळघराची सोय त्यात नाही. 'विषकन्या'ही जपून वापरा. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकातली विषकन्या मारायला पाठवलेली असते, तातियाना भुलवायला.

जुनी रिळं : आणखी एक. पळवून नेलेली प्रत्येक बाई 'ओलीस' नसते. सोडण्याच्या बदल्यात काही मागितलं तरच ओलीस, नाहीतर 'अपहृत'. 'वेठीस धरलेली' निराळं. वेठ म्हणजे फुकट राबवणं. संपानं प्रवाशांना वेठीस धरलं हे ठीक, खुर्चीला बांधलेल्या नायिकेला नको.

प्रश्न : मग तातियानासाठी 'प्यादं'. पण ते नपुंसकलिंगी, 'प्यादं गोळी झाडतं' विचित्र होईल.

शब्दपारखी : 'प्यादं म्हणून वापरलेली तातियाना गोळी झाडते' असं लिहा. क्रियापद 'तातियाना'च्या लिंगाप्रमाणे चालेल.