पर्ल जॅमच्या 'ब्लॅक'चा व्हिडिओ झाला नाही, तेच बरं झालं

कॅसेटवाला
सिअ‍ॅटलच्या पर्ल जॅम या रॉक बँडचा पहिला अल्बम 'टेन', १९९१ सालचा. त्यातलं 'ब्लॅक' हे ब्रेकअपचं गाणं सिंगल म्हणून काढा, त्याचा व्हिडिओ करा, असा एपिक या रेकॉर्ड कंपनीचा लकडा होता. बँड शेवटपर्यंत नाहीच म्हणाला. इतकी नाजूक गाणी या धंद्यात चिरडली जातात, असं गायक एडी वेडरचं म्हणणं. तरी रेडिओवाल्यांनी ते वाजवलंच आणि १९९३मध्ये अमेरिकेच्या मेनस्ट्रीम रॉक यादीत ते तिसऱ्या नंबरपर्यंत चढलं. माझं मत: व्हिडिओ आला असता तर 'ती' म्हणजे कोणीतरी मॉडेल झाली असती. आज ज्याची त्याची 'ती' वेगळी आहे.

खडूस_काकू
असहमत. याच अल्बममधल्या 'जेरेमी'चा व्हिडिओ केला, त्याला १९९३मध्ये एमटीव्हीचा वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कारही घेतला. शाळकरी पोराची आत्महत्या दाखवलेली चालते आणि स्वतःचा प्रेमभंग तेवढा सोवळ्यात? मुळात गाणंच रडकं आहे. कोरा कॅनव्हास, हात न लागलेली माती, सगळं त्याचं. ती एक अक्षर बोलत नाही.

कॅसेटवाला
काकू, शेवट ऐकलात का? तुझं आयुष्य सुंदर होईल, दुसऱ्या कुणाच्या आभाळात तू तारा होशील, हे तो कबूल करतो. रडक्या माणसाला हे सुचत नाही.

खडूस_काकू
आणि लगेच विचारतो, मग माझ्याच आभाळात का नाही? आशीर्वाद देऊन परत मागून घेतला!

सहा_तारा
त्या एका प्रश्नासाठीच तर गाणं आहे. शहाणपणा सुचतो, पण पचत नाही. बरं, शब्दांवरच किती भांडाल? चाल आधीची आहे. गिटारिस्ट स्टोन गॉसर्डने ती नुसती वाद्यांवर करून ठेवली होती, शब्द वेडरने नंतर घातले. म्हणून तर त्या प्रश्नानंतर शब्द संपतात तरी गाणं संपत नाही. पुढे नुसतं 'डू डू डू' आणि माइक मॅक्क्रेडीची गिटार, मग हळूहळू आवाज कमी. त्या भागात कसली फिर्याद ऐकू येते तुम्हाला?

निशाचर
धागाकर्त्यांना एक प्रश्न. बहुतेक लोकांच्या मनात 'ब्लॅक' म्हणजे मार्च १९९२चं एमटीव्ही अनप्लग्ड, म्हणजे टीव्हीवरची अकूस्टिक वाद्यांची मैफल. स्टुलावर बसलेला, डोळे मिटलेला वेडर. तो व्हिडिओ नाही तर काय? चेहरा चिकटलाच की गाण्याला, फक्त तिच्याऐवजी त्याचा.

कॅसेटवाला
मुद्दा बिनतोड. पण ती मैफल आहे हो. गाणाऱ्याचा चेहरा मैफलीत दिसणारच. पटकथा लिहून, पावसात नटी उभी करून केलेली गोष्ट वेगळी.

खडूस_काकू
बरं झालं अनप्लग्डचा विषय निघाला. तिथे शेवटी तो 'आपण एकमेकांचेच आहोत' असं पुन्हापुन्हा ओरडतो. अल्बमवर हे नाही. म्हणजे जो काही मोठेपणा होता, तोही मागे घेतला. याला हट्ट म्हणतात.

निशाचर
+१. मला तोच तुकडा सगळ्यात आवडतो, पण काकूंचं निरीक्षण खरं आहे.

सहा_तारा
मला नाही आवडत. अल्बमवर जे गिटारवर सोपवलंय ते तिथे तोंडाने सांगून टाकलं. पब्लिक मात्र त्यावरच फिदा.

कॅसेटवाला
सहा_तारा, हे मात्र अजिबात मान्य नाही. अल्बमवर तो स्वतःला सावरून गातोय, अनप्लग्डमध्ये सावरता येत नाहीये. काकू हट्ट म्हणोत. तोल गेलेल्या माणसाकडून न्यायाधीशाचा निकाल कशाला मागायचा?

खडूस_काकू
निकाल नको. तिला एक कडवं द्या, मग बोलू.